दोरीवर वाळत घातलेली छापचित्रे: नॅन्सी स्पेरोच्या कामाविषयी एक विचारणा

लिनोपत्रा (विचारणा)

नमस्कार. मी मुद्राचित्रण विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातली कामे बाई आणि पुरुष यांच्यात कशी वाटली जातात, हा माझ्या अंतिम प्रकल्पाचा विषय आहे आणि त्यासाठी मी माझ्या आईच्याच कपड्यांवरून छाप घेते आहे. आई गेली २२ वर्षे घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. लग्नसराईत तिच्याकडे दिवसाला आठ-दहा साड्या येतात. तरीही आम्ही भावंडांनी शाळेच्या प्रत्येक अर्जावर तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ असेच लिहिले, कारण कामाला जातात ते बाबा, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

माझी पद्धत अशी आहे. आईचा विटलेला परकर, बाहीला ठिगळ असलेले ब्लाउज, पदराचा फाटका तुकडा यांना मी थेट शाई लावते, त्यावर ओलसर कागद ठेवते आणि ते प्रेसमधून काढते. शिवण, उसवलेला टाका, कापडाची वीण असे सगळे कागदावर उमटते. ब्लाउजचे हुक मात्र आधी उसवून घ्यावे लागतात, नाहीतर प्रेसच्या फेल्टला, म्हणजे दाब देताना वर घालायच्या जाड लोकरी कापडाला, भोके पडतात. ते हुक मी एका डबीत जपून ठेवले आहेत. असे २६ छाप तयार झाले आहेत. त्यांच्या जोडीला आईच्या हातांचे लिनोचे ठसे कोरून मी ते मलमलीच्या तुकड्यांवर छापले आहेत. हे सगळे मी भिंतीवर न लावता दालनात आडवी दोरी बांधून, चिमटे लावून, धुणे वाळत घातल्यासारखे मांडले.

सत्राच्या मधल्या मूल्यमापनात बाहेरून आलेल्या परीक्षकांना हे मान्य झाले नाही. छापचित्र असेल तर त्याला चौकट, क्रमांक आणि सही हवी, आणि मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करायचे असेल तर छापचित्राचा आधार कशाला घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या प्रश्नाने मी दुखावले हे खरे, पण त्याहून खरे हे आहे की मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. नंतर एका मैत्रिणीने सांगितले की नॅन्सी स्पेरो या अमेरिकन चित्रकर्तीने बऱ्याच वर्षांपूर्वी दोरीवर छापचित्रे टांगली होती. आता मला दुहेरी काळजी लागली आहे. ती चौकटीतून बाहेर का आली, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि तिने हे आधीच केले असेल तर माझे काम तिची नक्कल ठरेल का, हेही विचारायचे आहे. ज्यांना तिच्या कामाची नीट माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जस्तपत्रा

नकलेची भीती आधी बाजूला काढू, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचे नीट वाचता येणार नाही. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेली कलाकृती म्हणजे स्पेरोची १९९६ सालची ‘शीला-ना-गिग ॲट होम’. त्यात एका दोरीवर बायकांची खरी अंतर्वस्त्रे आहेत आणि त्यांच्या मधेमधे, तशाच चिमट्यांनी, कागदावर हाताने छापलेल्या आकृत्या टांगलेल्या आहेत. प्रत्येक कागदावर शीला-ना-गिग आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या मध्ययुगीन चर्चच्या भिंतींवर दगडात कोरलेली ही नग्न स्त्री आपल्या दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवते. ती कशासाठी कोरली गेली याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी म्हणतात ती वाईट नजर परतवण्यासाठी आहे, कोणी म्हणतात वासनेविरुद्धचा इशारा म्हणून, तर कोणी तिचे नाते जुन्या सुफलनाच्या देवतांशी जोडतात. स्पेरोने या देवळाच्या दारावरच्या बाईला घरी आणले आणि धुण्याच्या दोरीवर बसवले. जिच्याकडे लोक भीतीने किंवा श्रद्धेने मान वर करून बघत होते, ती आता रोजच्या धुण्यात सापडते. तुमच्या दोरीवर मात्र कोणतीही पुराणातली बाई नाही. तिथे तुमची आई आहे, आणि तीसुद्धा चेहऱ्याने नव्हे तर तिच्या टाक्यांनी आणि ठिगळांनी आलेली आहे. दोरी दोघींनी वापरली म्हणून नक्कल होत नाही. कॅनव्हास तर हजारो जणांनी वापरला आहे.

आता ती चौकटीतून बाहेर का आली, याकडे वळतो. ही गोष्ट एका दिवसात घडलेली नाही. स्पेरोचा जन्म १९२६ सालचा, क्लीव्हलँडचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तिचे शिक्षण झाले आणि तिथेच तिची चित्रकार लिओन गोलब यांच्याशी ओळख झाली. लग्नानंतर १९५९ ते १९६४ हे कुटुंब पॅरिसमध्ये राहिले. त्या काळात ती तैलरंगात काळोखी, जाड थरांची चित्रे करत होती. घरात मुले लहान असल्यामुळे ती रात्री काम करत असे. अमेरिकेत परतल्यावर व्हिएतनामचे युद्ध तिच्यासमोर आले आणि तिने तैलरंग आणि कॅनव्हास दोन्ही सोडून दिले. १९६६ ते १९७० या काळातली तिची युद्धमालिका साध्या कागदावर, गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि शाईने, भरभर केलेली आहे. मोठा कॅनव्हास, त्यावरचा तैलरंगाचा जाड थर आणि अजरामर होण्याची आकांक्षा ही तिला पुरुषी चित्रपरंपरेची भाषा वाटू लागली होती. त्या भाषेत वाद घालत बसण्यापेक्षा तिने हलका, फाटू शकणारा, गुंडाळून ठेवता येणारा कागद हातात घेतला. माझ्या मते तिच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या निर्णयात आहे आणि छापाकडे ती याच वाटेने आली.

१९७२ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी बायकांसाठी सहकारी तत्त्वावर सुरू केलेल्या ए. आय. आर. गॅलरीच्या संस्थापकांपैकी ती एक होती. १९७४ च्या सुमारास तिने ठरवले की यापुढे आपल्या चित्रांत फक्त स्त्रियांच्याच आकृत्या येतील. पुरुषाची आकृती ‘माणूस’ म्हणून चालते, मग स्त्रीची का चालू नये, असा त्यामागचा विचार होता. १९७४ ते १९७६ या काळात तिने ‘टॉर्चर ऑफ विमेन’ हे काम केले. त्यात कागदाचे १४ पट्टे आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे १२५ फूट आहे आणि उंची जेमतेम दीड-पावणेदोन फूट. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालांतील छळ झालेल्या स्त्रियांच्या साक्षी तिने टंकलेखन यंत्रावर आणि ठशांनी त्यावर उमटवल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी बॅबिलोनच्या सृष्टिकथेतला, मार्दुक देव तिआमत देवीला चिरून तिच्या शरीरापासून आकाश आणि पृथ्वी घडवतो तो भाग आहे. हे काम आता ओटावा येथील नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडाच्या संग्रहात आहे. ते एका नजरेत मावत नाही. बघणाऱ्याला पट्ट्याच्या कडेने चालावे लागते, मधे थांबून बारीक अक्षरे वाचावी लागतात, पुन्हा पुढे जावे लागते. चौकट बघणाऱ्याला एका जागी उभे करते आणि स्पेरोला नेमके तेच नको होते.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे ते तिचे तंत्र. ती आपल्या रेखाटनांवरून आणि निरनिराळ्या संस्कृतींतील जुन्या आकृत्यांवरून जस्ताचे ठसे तयार करून घेई. त्यांना शाई लावून, प्रेसशिवाय, हाताच्या दाबाने ती ते कागदावर उमटवत असे. इजिप्तची आकाशदेवी नूत, ग्रीक भांड्यांवरच्या नर्तकी, मूल कवटाळून पळणारी व्हिएतनामी आई, धावणाऱ्या खेळाडू मुली असा शेकडो ठशांचा संच तिच्याजवळ जमला. जुन्या नाटक मंडळीतले ठरावीक नट जसे या नाटकात राजा आणि त्या नाटकात द्वारपाल होत, तशा तिच्या आकृत्या एका कामातून दुसऱ्या कामात येत राहतात. संधिवातामुळे तिला सलग रेखाटन करणे अवघड जाऊ लागले होते, तेव्हा हेच ठसे तिच्या उपयोगी पडले. आपण वर्गात शिकतो की एका आवृत्तीतले सगळे छाप हुबेहूब सारखे असले पाहिजेत. स्पेरोने तो नियम पाळला नाही. एकदा शाई लावल्यावर पहिला छाप गडद येतो, त्याच शाईवर घेतलेला दुसरा फिका आणि तिसरा आणखी फिका. हा उतरता क्रम तिने दोष म्हणून टाकून दिला नाही, ती त्यातून आकृतीचे चालणे आणि विरून जाणे दाखवू लागली.

तुमच्या परीक्षकांनी विचारले की मांडणशिल्प करायचे तर छापाचा आधार कशाला. त्याचे उत्तर इथे आहे. छाप म्हणजे एका वस्तूने दुसरीवर दाब देऊन मागे ठेवलेली खूण. तुम्ही आईचे ब्लाउज नुसते दोरीवर टांगले असते तर ते ब्लाउजच राहिले असते. तुम्ही त्याच्यावर दाब दिला, त्याची खूण घेतली, आणि वर्षानुवर्षे घालून झिजलेल्या कापडाची झीज कागदावर आणली. हे काम चित्राने होणार नाही आणि छायाचित्रानेही होणार नाही. पुढच्या वेळी परीक्षकांना हेच सांगा, आणि शांतपणे सांगा, कारण त्यांचा प्रश्न वाईट नव्हता.

परसदार

मी चित्रकार नाही. घरातल्या एका मुलीने कलाशाखा घेतली म्हणून या विषयावरचे वाचत असते. तरीही दोरीचा उल्लेख वाचून मला राहवले नाही. आपल्याकडे धुणे वाळत घालण्याचे किती नियम आहेत याचा तुम्ही आपल्या मांडणीत विचार केला आहे का? माझ्या सासरी रस्त्याकडच्या गच्चीत पुरुषांचे सदरे आणि धोतरे असत, आणि बायकांचे कपडे मागच्या परसात. तिथेही परकर आतल्या दोरीवर घालायचा आणि त्याहून आतले कपडे टॉवेलाखाली किंवा पंचाखाली झाकून. ऊन ज्याला सर्वांत जास्त हवे त्यालाच ते मिळत नसे. पावसाळ्यात ते कपडे दोन-दोन दिवस दमट राहत आणि तसेच अंगावर चढवावे लागत. हे मला कोणी कधी शब्दांत शिकवले नाही. नवी नवरी असताना मी एकदा माझे कपडे पुढच्या दोरीवर घातले होते, आणि दुपारी बघते तर सासूबाईंनी काही न बोलता ते उचलून मागे नेऊन घातले होते. त्या दिवसानंतर मला पुन्हा सांगावे लागले नाही, आणि माझ्या मुलीलाही मी तसेच, न बोलता, शिकवले, याचे मला आज वाईट वाटते.

त्या अमेरिकन बाईंनी अंतर्वस्त्रे उघड दोरीवर टांगली हे वाचून मला त्या टॉवेलाची आठवण झाली. तुमच्या मांडणीत सगळे छाप एकाच दोरीवर एका ओळीत आहेत की पुढची दोरी आणि मागची दोरी असा भेद आहे? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, बाई कोणती आणि पुरुष कोणता हे आमच्या घरात कपड्यांवरून कमी आणि दोरीच्या जागेवरून जास्त कळत असे.

ॲक्वाटिंट

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचले. जस्तपत्रा यांनी तंत्राविषयी लिहिलेले मला मान्य आहे. मात्र चौकट म्हणजे पुरुषी आणि चौकटीबाहेर म्हणजे मुक्त, असे समीकरण मनात तयार होऊ नये म्हणून मी अनुपम सूद यांचे उदाहरण पुढे ठेवू इच्छितो.

सूद यांचा जन्म १९४४ साली पंजाबमधील होशियारपूरचा. दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या, जगमोहन चोप्रा यांच्या प्रेरणेने मुद्राचित्रकारांचा जो ‘ग्रुप ८’ स्थापन झाला त्याच्या त्या सदस्य होत्या, १९७१-७२ मध्ये लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये त्यांनी पुढचे शिक्षण घेतले आणि नंतर दिल्लीतल्या त्याच महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले. त्यांचे माध्यम प्रामुख्याने जस्ताच्या पत्र्यावरचे आम्लरेखन आहे. ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप चढवायचा, सुईने रेषा काढून तेवढाच लेप खरवडायचा, मग पत्रा सौम्य आम्लात बुडवायचा. जिथे धातू उघडा आहे तिथे आम्ल खाते. किती वेळ खाऊ द्यायचे हे हाताला आणि डोळ्यांना कळावे लागते, कारण मिनिटभर जास्त झाले तर नाजूक छटा जळून जाते आणि ती परत मिळत नाही.

त्यांचे १९८२ सालचे ‘ऑफ वॉल्स’ हे आम्लरेखन बारावीच्या ललित कलेच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे अनेकांनी ते पाहिले असेल. भिंतीसमोर पदपथावर एक स्त्री बसली आहे आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी आहे. पुढे खालच्या बाजूला जमिनीवर झोपलेल्या एका गरीब पुरुषाचे शरीर आहे, तेही कमरेखालचेच दिसते. एक बाई आहे जिला चेहरा नाही आणि एक पुरुष आहे ज्याचे अर्धेच शरीर आपल्याला दिलेले आहे. या चित्रात स्त्री दुबळी आणि पुरुष जुलमी अशी सोपी वाटणी केलेली नाही. दोघेही रस्त्यावर आहेत आणि दोघांचेही काहीतरी हिरावलेले आहे. बाईच्या वाट्याला बसून राहणे आले आणि पुरुषाच्या वाट्याला कोसळून झोपणे, हा फरक मला त्या चित्राने शिकवला, आणि तो शिकवताना ते चित्र एका पत्र्याच्या चार कडांच्या आतच होते. ती स्त्री कुठेच जाऊ शकत नाही हे चौकटीमुळेच जाणवते. दोरीवर टांगले असते तर ते चित्र वाऱ्यावर हलले असते आणि ती घुसमट निघून गेली असती.

माझे म्हणणे इतकेच आहे की लिनोपत्रा यांनी परीक्षकांना स्पेरोचे नाव सांगून गप्प करू नये. स्पेरोला कागदाचा लांब पट्टा हवा होता, कारण तिला साक्षी एकामागून एक वाचायला लावायच्या होत्या. सूद यांना चौकट हवी होती, कारण त्यांना माणसे अडकलेली दाखवायची होती. तुम्हाला दोरी का हवी आहे? परसदार यांनी जे लिहिले आहे त्यात मला त्याचे उत्तर दिसते, पण ते तुमच्या कामात दिसते का, हे तुम्हालाच तपासावे लागेल. आणखी एक सूचना करतो. तुमचे २६ छाप सगळे आईच्या कपड्यांचे आहेत. बाबांचा एकही सदरा नाही. भूमिका दोघांच्या असतात, आणि एकाच बाजूचे धुणे टांगले तर दुसरी बाजू बघणाऱ्याने गृहीत धरायची, असे होते. गृहीत धरणे हाच तर तुमचा विषय आहे.

लिनोपत्रा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले त्याबद्दल आभारी आहे. परसदार, मी खरोखरच सगळे एका ओळीत टांगले होते. आमच्याही घरी तुम्ही लिहिता तसेच आहे. बाबांचे शर्ट पुढच्या बाल्कनीत असतात आणि आई ते कॉलर खराब होऊ नये म्हणून खालच्या कडेने, उलटे टांगते. तिचे स्वतःचे कपडे न्हाणीघराजवळच्या तारेवर असतात. मी रोज ते बघत होते आणि तरी मांडणी करताना ते मला आठवले नाही, याचे आश्चर्य वाटते. ॲक्वाटिंट, बाबांच्या शर्टाची सूचना मी टाळत होते. टाळत का होते हे मला अजून नीट सांगता येत नाही.

जस्तपत्रा यांना एक विचारायचे आहे. शीला-ना-गिगचे वर्णन वाचून मला आपल्याकडच्या लज्जागौरी या देवीच्या जुन्या मूर्तींची आठवण झाली. तिचा उपयोग करावा का?

कोंडागावची वाट

मी नागपूरचा. कामानिमित्त बस्तरमध्ये जाणे होत असे, तेव्हा पाहिलेल्या एका गोष्टीविषयी लिहितो, कारण ‘मांडणशिल्प’ या शब्दाबरोबर आपल्यासमोर नेहमी दालनच येते.

नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत. जन्म १९४९ चा, मेरठचा, शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात, आणि नंतर दिल्लीच्या गढी स्टुडिओत त्यांनी मुद्राचित्रणही केले. चित्र, छाप, लाकडातली शिल्पे, मांडणशिल्पे आणि व्हिडिओ अशी त्यांची वाटचाल आहे आणि स्त्रीचे शरीर व स्त्रीचे श्रम हा विषय तिच्यात सतत येतो. १९९७ पासून त्यांनी कोंडागाव येथे शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सूराम या स्थानिक कलावंतांबरोबर काम सुरू केले. त्यातून ‘नलपार’ उभे राहिले. नलपार म्हणजे हातपंपाभोवतीची जागा. पाणी भरणे हे बायकांचे आणि मुलींचे काम, त्यामुळे त्या जागेचा चिखल, डबकी आणि घसरण हेही त्यांच्याच वाट्याला येत असे. या कलावंतांनी गावातल्या लोकांशी बोलून पंपाभोवती फरशी, पाण्याला वाट आणि कोरीव आकृत्यांच्या भिंती बांधल्या. त्या भिंतींत कोनाडे आणि टप्पे ठेवले, म्हणजे भरलेली घागर जमिनीवरून एकदम डोक्यावर न घेता आधी मधल्या टप्प्यावर टेकवता येते आणि मग डोक्यावर चढवता येते. मी एका मुलीला तसे करताना पाहिले. तिने घागर कोनाड्यात टेकवली, चुंबळ नीट केली, श्वास घेतला आणि मग ती उचलली. तो एका श्वासाचा अवकाश कोणीतरी विचार करून बांधलेला होता, हे मला फार मोठे वाटले.

शांतीबाईंचे आणखी एक सांगण्यासारखे आहे. लाकूड कोरणे हे तिकडे परंपरेने पुरुषांचे काम मानले जाते, आणि त्या ते करतात. नवज्योत यांनी त्यांचे चित्र काढले असते तर ती एक चांगली कलाकृती झाली असती. पण शांतीबाईंनी स्वतः छिन्नी धरली, आणि त्यामुळे कोण कोणाला दाखवते आहे हा प्रश्नच बदलला.

म्हणून लिनोपत्रा, मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे की तुमच्या आईने हे छाप पाहिले आहेत का.

जस्तपत्रा

ॲक्वाटिंट यांचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. स्पेरोनेसुद्धा केवळ बायकांच्या आकृत्यांची अट नंतरच्या काळात सैल केली होती. २००७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत तिने ‘मेपोल’ मांडले. उंच खांबावरून फिती आणि साखळ्यांनी लोंबणारी, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर छापलेली माणसांची तुटलेली मुंडकी. ती मुंडकी तिच्याच व्हिएतनाम काळातल्या चित्रांतून आलेली होती. जवळपास चाळीस वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावर, तिने आपल्या जुन्या आकृत्या नव्या युद्धासाठी पुन्हा बाहेर काढल्या. तिचे भिंतीवर थेट छापलेले कामही इथे लक्षात घ्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती लवचिक ठशांनी दालनांच्या भिंतींवर, कोपऱ्यांत, छताजवळ आकृत्या छापू लागली, आणि प्रदर्शन संपले की त्या भिंतींवर रंग मारला जाई. सकाळी घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी होतात. ते कामही असेच पुसले जात असे, आणि तिला ते चालत असे.

लज्जागौरीविषयी माझे मत सावधगिरीचे आहे. तेरसारख्या ठिकाणी सापडलेल्या आणि दख्खनमध्ये इतरत्रही आढळणाऱ्या या मूर्तींत मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असते आणि देह प्रसूतीच्या आसनात असतो. ती पूजेतली देवी आहे, तिच्याकडे अपत्यासाठी नवस बोलले गेलेले आहेत. शीला-ना-गिग चर्चच्या भिंतीवरची आहे आणि तिचा अर्थ वादग्रस्त आहे. दोघी दिसायला जवळच्या म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवली तर स्पेरोच्या कामाचे मराठी भाषांतर केल्यासारखे होईल, आणि त्या वेळी मात्र नकलेचा आक्षेप मी तरी परतवू शकणार नाही. तुमच्याजवळ उसवलेल्या हुकांची डबी आहे. ती आधी वापरा.

तंत्राचे दोन शब्द. कोऱ्या सुती कापडात खळ राहिलेली असते, मलमल छापण्याआधी ती गरम पाण्यात उकळून काढा, नाहीतर तेलाची शाई वरच्यावर बसते आणि चिमट्याच्या दाबाने निघून येते. मलमलीवर प्रेस न वापरता चमच्याच्या पाठीने घासून छाप घेऊन बघा. दाब तुमच्या मनगटाचा असेल आणि प्रत्येक छाप वेगळा येईल.

लिनोपत्रा

गेल्या आठवड्यात मी आईला महाविद्यालयात घेऊन गेले. तिने आधी दोरी बघितली आणि ती फार सैल बांधली आहे, ओल्या कपड्यांच्या वजनाने जमिनीला टेकेल, असे सांगितले. मग ती एकेक छाप हातात घेऊन उलटसुलट बघू लागली. टाके बघून तिने कोणते ब्लाउज कोणत्या वर्षी शिवलेले ते ओळखले. एका छापापाशी ती थांबली. तो तिच्या आतल्या परकराचा होता, नेफ्याजवळ फाटलेला आणि दोनदा शिवलेला. हा इथे लावू नकोस, असे ती म्हणाली. मी कारण विचारले नाही. परसदार, मला तुमच्या सासूबाईंची आठवण झाली, आणि तरीही मला वाटते की हे वेगळे आहे, कारण इथे स्वतःच्या कपड्याविषयी तिने स्वतः सांगितले. तो छाप मी काढून घेतला आहे. त्याच्या जागी दोरीवर रिकामे चिमटे राहतील.

आता दोन दोऱ्या आहेत. दाराजवळच्या दोरीवर बाबांच्या दोन शर्टांचे छाप खालच्या कडेने उलटे टांगले आहेत. बाबांनी शर्ट स्वतः काढून दिले आणि एकाच्या खिशात बसचे तिकीट राहिले होते, तेही त्याच्याबरोबर छापले गेले. मागची दोरी भिंतीलगत आहे, दोन माणसे एका वेळी उभी राहू शकणार नाहीत इतक्या जवळ, आणि तिच्यावर आईचे २५ छाप आहेत. ते टांगण्याचे काम प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आई येऊन करणार आहे, म्हणजे कोणता छाप कुठे जाईल हे मलाही आधी माहीत नसेल. हुकांची डबी खाली जमिनीवर, उघडी ठेवणार आहे.

जस्तपत्रा, कागदाचे छाप पावसाळी हवेत वळतात आणि चिमट्याच्या दोन्ही बाजूंना कागद लाटेसारखा उचलला जातो. मागच्या बाजूने मलमलीची पट्टी खळीने चिकटवली तर तो सरळ राहील का, की कोरडा झाल्यावर पट्टीच्या रेषेवर दुमडेल?